औषधखिडकीतल्या क्रांतीताई

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त आदरणीय सयाजीराव, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती क्रांतीताई, त्यांचे कुटुंबीय, आणि रविवारची दुपारची झोप सोडून आलेल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने त्यागी अशा कोल्हापूरकरांनो,

एक कोडं घालतो. डॉक्टर तीस दिवसांच्या तीस गोळ्या देतात. महिना संपतो, तरी फ्रिजवरच्या डब्यात सात-आठ गोळ्या शिल्लकच. आपल्याही घरी असतील. त्या उरतात कशा?

‘विसरले असतील,’ असं आम्ही डॉक्टर म्हणतो. काही विसरल्या जातात, हे खरंच. काही बरं वाटलं म्हणून थांबतात, काही सवय लागेल या भीतीने. पण काही गोळ्या अशा कारणाने राहतात, जे रुग्णाला पक्कं ठाऊक असतं. फक्त ते त्याला कोणी विचारलेलं नसतं. हा शेवटचा प्रकार मला वैद्यकीय महाविद्यालयात कळला नाही. तो आमच्या औषधखिडकीवर एकतीस वर्षं बसलेल्या क्रांतीताईंनी शिकवला.

समोर अण्णाप्पा बसले आहेत. गडहिंग्लजहून एसटीने आले आहेत. त्यांच्या परवानगीनेच सांगतो. सहा वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब काही केल्या उतरेना. रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची एक गोळी मी लिहून दिली होती. दर वेळी विचारायचो, “घेता ना?” उत्तर ठरलेलं, “व्हय की.” मी दोनदा मात्रा वाढवली. तिसऱ्यांदा वाढवली, तेव्हा ती चिठ्ठी खिडकीवर अडली.

ताईंचा आवाज आपण जाणताच. खिडकीत बोलल्या तरी क्ष-किरण विभागात ऐकू येतो. मी दारातून ऐकत होतो.

“पावणं, गोळीचं ऱ्हाऊ दे. कालचा दिवस सांगा बघू, उठल्यापासनं.”

“कालचा? उठलो, म्हशीची धार काढली, च्या घेतला. बस्तीत देवाचं दर्शन केलं. मग शेताकडं गेलतो. पाचाला घरी. दिवस मावळायच्या आत जेवाण उरकलं.”

“आन् मग?”

“मग काय? दिवस बुडला की पाण्याचा थेंब न्हाय तोंडात. नेम हाय आमचा.”

“मग रात्रीची गोळी कशासंगं घेता?”

“कशासंगं घेणार? ऱ्हातीया तशीच.” ताई म्हणाल्या, “एवढे महिने डॉक्टरांस्नी सांगितलं का न्हाई?”

“एवढा शिकल्याला माणूस. ‘घेता ना’ म्हणून मायेनं इचारतोय. न्हाय म्हणून त्याचं मन कशाला मोडायचं?”

अण्णाप्पा, हसू नका. तुम्ही माझं मन सांभाळलंत आणि स्वतःचं हृदय पणाला लावलंत!

ताई तडक माझ्या खोलीत आल्या. “डॉक्टर, औषध कमी पडत न्हाई, ते पोटातच जात न्हाई. आन् ही तीनदा वाढवलेली मात्रा घरी यांच्या लेकीनं धाकानं एका दिवशी घ्यायला लावली, तर हा माणूस चक्कर येऊन विहिरीत जाईल की!”

मंडळी, त्या अक्षरशः बरोबर होत्या. न घेतलेल्या औषधावर मी औषध चढवत होतो. जैन शेतकऱ्याचा सूर्यास्ताचा नेम या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? मलाही ठाऊक होता. पण चिठ्ठी लिहिताना ‘रात्री’ हा शब्द हाताने आपोआप उमटवला. मी ती चिठ्ठी फाडली. पहिलीच लहान मात्रा, दिवस मावळायच्या आतल्या जेवणासोबत, अशी नवी लिहिली. दोन महिन्यांत रक्तदाब ताळ्यावर आला. नेमही मोडला नाही.

ताई, उद्यापासून त्या खिडकीत आपण नसणार. आपल्यामागे रुग्ण पुन्हा “व्हय की” म्हणून निघून जातील, ही माझी खरी धास्ती आहे. म्हणून यापुढे तपासणीच्या टेबलावर मीच ‘कालचा दिवस सांगा’ असं विचारणार आहे. वेळ लागेल, बाहेरच्या रांगेने मला शिव्या घातल्या तर त्या आपल्या नावे स्वीकारेन.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, याबद्दल ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं.

निरोप घेताना एकच विनंती. आज घरी गेल्यावर आई, वडील, सासू-सासरे, जे कोणी रोजचं औषध घेतात, त्यांच्याजवळ बसा. “गोळी घेतली का?” हे विचारू नका. कालचा दिवस उठल्यापासून सांगायला लावा, आणि मध्ये बोलू नका. त्या दिवसात गोळी आपणहून आली, तर उत्तम. आली नाही, तर रागावू नका. तिला कुठे जागा करता येईल, ते दोघांनी मिळून शोधा, आणि मग आम्हाला येऊन सांगा.