टँकरच्या वाटेवरची खुर्ची

हॅलो?… हॅलो, कोण?… हाव, पंचशीलाच बोलतेय. कमल का? अगं, तुझा आवाज हौदातून आल्यासारखा येतोय. थांब, इथं स्पीकर लावलाय, शाळेच्या मागं जाते… हां. बोल आता.

मुखेडच्या कोर्टातून फोन? तुला? लातूरच्या ऑफिसात?… काय म्हणाले?

सरपंच गेले होते कोर्टात?… साहेबराव? स्वतः?… चार माणसं घेऊन. पेढे घेऊन. बरं… बरं… "आमच्या साहेबांची बदली करू नका."

न्हाई, हसत न्हाई मी. धूळ गेली घशात.

हाव. नरसिंगच. दुसरा कोण साहेब असणार रुईतळ्यात?

मला ठाऊक हाय कोण हाय त्यो. तूच तर पाठवलास. बाजारातल्या टाकीची पितळी तोटी चोरली, सापडला, तोटी परत दिली, पहिलीच चोरी, म्हणून कोर्टानं जेलमध्ये न टाकता समाजसेवा दिली. आपल्या संस्थेच्या गावात पाण्याच्या टाक्यांभोवती झाडलोट करायची. सगळं पाठ हाय मला… मग साहेब कसा झाला? अगं, झाला न्हाई, केला. गावानं केला.

ऐक ना. अगं ऐक तर. पहिल्या दिवशी त्याला पोलिसांच्या जीपमधून आणलं. मागं पोती होती, म्हणून पुढं बसवला. बायकोनं कोर्टासाठी पांढरा शर्ट धुऊन इस्त्री करून दिलेला, त्योच अंगात. त्या जीपचं दार आतून उघडत न्हाई. शिपाई उतरला, फिरून आला, अन् बाहेरून दार उघडलं. आता तूच सांग, पारावर बसलेल्या माणसानं काय समजावं? पोलीस दार उघडतोय, आतून पांढऱ्या शर्टातला माणूस उतरतोय!

वर ते नव्या जिल्ह्याचं. इकडं सगळ्यांच्या तोंडी तेच हाय ना, जिल्हा होणार, कोर्ट येणार, जागा बघायला माणूस येणार. पाण्याचा पत्ता न्हाई, पण कोर्टाला जागा कुठली द्यायची यावरून दोन आळ्यांत भांडण झालेलं. तेवढ्यात हा उतरला. झालं.

मी दुसऱ्या दिवशी आले तर त्यो लिंबाखाली खुर्चीत. हातात चहाची बशी. झाडू मागितला त्यानं, हाव, मागितला! सरपंचाच्या माणसानं हातातून काढून घेतला. म्हणे, साहेब, आम्हाला लाजवू नका.

सांगितलं की! त्यानं तोंडानं सांगितलं, "मला शिक्षा झालीय, म्हणून आलोय." सगळे हळहळले. तलाठी तेच म्हणतो, मास्तर तेच म्हणतो, ग्रामसेवक तर रोज म्हणतो. साहेबराव म्हणाले, "साहेब, पडेल सवय."

हसतेस ना आता? मग मला काय रागावतीस.

…

हाव. ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं… का न्हाई सांगितलं? सांगते. पण मधी बोलू नको.

कमल, त्या लिंबापाशी वाट फुटते. एक वर गावात जाते, एक खाली वस्तीत. आमच्या वस्तीत म्हण. मी नायगावकडची असले तरी वस्ती सगळीकडं एकच, खालच्या अंगाला. टँकर लिंबापासून वर वळायचा. गावचा हौद भरला, सरपंचाच्या दारातली टाकी भरली, ढोरं पाजली, की मग खाली यायचा. खाली काय यायचं? तळातलं. गंजाचं. दोन घागरी भरल्या की खडखड. आपण पत्रं दिली की गं, तूच टाईप केलीस. तहसीलला दोनदा जाऊन आले मी. "बघतो" म्हणाले. बघतच हायत अजून.

मग सरजामाय आली एक दिवस. खालची, म्हातारी… हाव, तीच, तुला शेंगदाण्याची चटणी दिली होती ती. नरसिंगच्या खुर्चीपुढं येऊन रिकामी घागर ठेवली. टँकर आला. ईश्वरप्पा ड्रायव्हर, तो निलंग्याकडचा, नेहमीसारखा वर वळवायला लागला. नरसिंगनं घागरीकडं बघितलं, मग ईश्वरप्पाकडं बघितलं अन् म्हणाला, "का?"

एवढंच. "का?" बास.

ईश्वरप्पाला घाम फुटला. "आयतु साहेब, आयतु," म्हणाला, म्हणजे झालंच समजा, अन् टँकर खाली नेला. भरलेला टँकर, कमल. तोंडापर्यंत भरलेला. बायकांना वाटलं वाट चुकला. कुणी घागरी घेऊन बाहेरच येईना.

तवापासून रोज पहिला खाली येतो. खाली भरून मग वर. अन् पुरतो गं! दोन्हीकडं पुरतो. एवढे दिवस पुरत न्हाई, पुरत न्हाई म्हणून सांगायचे, अन् पुरतो!

आता बोल. मी काय सांगायला पाहिजे होतं? की हा चोर हाय, ह्याचं ऐकू नका?

…

जज्जसाहेब विचारतायत… संध्याकाळपर्यंत रिपोर्ट… हाव… साहेब म्हणून मिरवला असेल तर समाजसेवा रद्द, आत जाईल… हाव, समजलं. बहिरी न्हाई मी.

कोर्टात त्यांना कुणी सांगितलं न्हाई का, असा कुणी साहेब न्हाई म्हणून?… सांगितलं. मग?… हां. साहेबराव म्हणाले असतील, गुप्त पाहणी हाय, म्हणून कबूल करत न्हाईत… म्हणालेच? बघ. तरी परत येऊन गप्प बसले न्हाईत, शाळेत त्याचा सत्कार ठेवला. त्याचा आज शेवटचा दिवस ना. शाल, नारळ, फेटा. त्योच स्पीकर वाजतोय.

आत्ता! आत्ताच चाललाय. मी खिडकीतून बघून राहिले.

न्हाई, मी जाऊन सांगणार न्हाई. तू ये लातूरवरून अन् सांग… हाव, संस्थेचं नाव जाईल, ठाऊक हाय. कोर्ट पुन्हा माणसं देणार न्हाई, ठाऊक हाय. अन् नरसिंग आत जाईल, ते पण… त्याचं वाईट वाटत न्हाई असं समजू नको. रात्री झोप न्हाई मला. त्यानं काय केलं? खुर्ची दिली तर बसला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी दिली असेल.

थांब. थांब, कमल. त्यो उठला बोलायला. फोन खिडकीशी धरते, ऐक तूच…

आलं का ऐकू?… न्हाई? नुसती खरखर? बरं, मीच सांगते… "मंडळी," म्हणतोय… "मी साहेब न्हाई"… अगं बाई… "मी मुखेडच्या बाजारात तोटी चोरली. कोर्टानं मला इथं झाडायला पाठवलं. तुम्ही झाडू दिला न्हाई."

टाळ्या!

टाळ्या वाजवून राहिलेत, कमल. साहेबराव हसून राहिलेत. त्यांना वाटलं साहेब लई विनोदी हायत. माईकवाला म्हणतोय, असा साधा माणूस व्हायचा न्हाई.

आता… आता त्यानं फेटा काढला. घडी करून टेबलावर ठेवला. शाल पण. खाली उतरला… कुठं चाललाय? कोपऱ्यातला शाळेचा झाडू घेतला त्यानं. झाडून राहिला. हाराची फुलं, पेढ्यांचे कागद… खुर्च्यांखालून झाडून राहिला. पाय उचला म्हणतोय. सरपंचाला पाय उचला म्हणतोय!

टाळ्या थांबल्या.

…

हाव, हाय मी. तोंडानं सांगितलं तर पटलं न्हाई, झाडू बघितला तर लगेच पटलं. झाडू धरायची पद्धत असते ना, ती लपत न्हाई.

साहेबराव उठले. शाल उचलून काखेत मारली. नारळ पण घेतला, नारळ सोडतात का ते. "खुर्ची आणा रे लिंबाखालची," म्हणाले. "आजपासून टँकर वर." बास, एका वाक्यात. मला वाटलंच होतं. कमल, मला वाटलंच होतं, म्हणून तर मी…

न्हाई, रडत न्हाई.

बरं, रडतेय. तुला काय करायचंय?

हॉर्न ऐकलास? टँकर आला. मी चालले लिंबाकडं. ठेवू नको फोन, चालता चालता बोलते… धाप लागतेय गं, ऊन तर बघ… हॅलो? हाय का तू?… हां.

लिंबाखाली… थांब, दिसू दे. खुर्ची हाय अजून. सरपंचाचा माणूस उभा हाय बाजूला, पण उचलत न्हाई… कसा उचलेल? खुर्चीत सरजामाय बसलीय.

खरंच गं! मांडीवर घागर घेऊन बसलीय. पदर डोक्यावर, पाय जमिनीला टेकत न्हाईत तिचे. त्यो म्हणतोय, "माय, ऊठ." ती ऐकून न ऐकल्यासारखी. हात लावायची हिंमत न्हाई त्याची. मागं खालच्या बायका येऊन उभ्या राहिल्यात… आपापल्या घागरी घेऊन.

टँकर आला. ईश्वरप्पानं ब्रेक मारला. बघतोय. साहेबराव वरून वरडून राहिलेत, "वर घे! वर घे रे! त्यो साहेब बिहेब काही न्हाई, चोर हाय!" ऐकू आलं तुला? एवढं मोठ्यानं वरडले.

ईश्वरप्पा स्टेअरिंग वर वळवतोय… वळवलं, कमल. वर वळवलं.

…

हॅलो… हाव… थांब…

तिनं विचारलं.

सरजामायनं! "का?" म्हणाली.

थांबला. इंजिन चालू हाय, पण थांबला. तिच्याकडं बघतोय. सरपंचाकडं बघतोय. कपाळ पुसतोय दस्तीनं… अगं देव पाव म्हणत न्हाई मी कधी, पण… गिअर टाकला…

"आयतु, माय," म्हणाला. मागं घेतोय टँकर. मागं घेतोय… खाली! खाली वळवला, कमल! खाली चाललाय!

…

हाव. हाव, सांगते ना, दम तर घेऊ दे… साहेबराव? शाल काखेत तशीच, माघारी वळले. काय बोलणार? "का" ला उत्तर असतं तर आधीच दिलं असतं त्यांनी.

रिपोर्ट? लिही. खरं तेच लिही. माणसानं स्वतः सांगितलं, माईकवर सांगितलं, सगळ्या गावासमोर. मिरवला न्हाई, मिरवलं गेलं त्याला. काम विचारलं तर लिही, झाडू गावानं दिला न्हाई, संस्थेच्या बाईनं पण आणून दिला न्हाई… हाव, माझं नाव घाल. घाल की. काय होईल ते होईल. अन् जज्जसाहेबांना म्हणावं, एकदा या टँकरच्या वेळेला.

त्यो? त्यो अजून शाळेतच हाय. झाडून राहिला. मगाशी निघताना फोन बाजूला धरून खिडकीतून म्हटलं, नरसिंगभाऊ, पुरे, जावा आता घरी. म्हणतो, ताई, कोर्टाचं काम हाय, झाडू आज हातात आलाय.

कोण?… न्हाई, तुला न्हाई, सरजामाय हाक मारून राहिली… आले माय!… काय?… हाव, येते!

कमल, ठेवते गं… तिला पाणी भरायला खाली जायचंय. म्हणते, पंचशीला, ये, तू बस.

न्हाई, नंतर बोलू. खुर्ची रिकामी ठेवता येत न्हाई.