कोपराचं मलम

कातडीच्या डॉक्टरांकडे शिंप्याचा नंबर यायला वेळ होता. तो डोळे मिटून बसला होता, पण शेजारच्या मायलेकींचं बोलणं कानावर पडतच होतं.

“आत गेल्यावर तू गप्प बस. मी बोलेन.”

“काय सांगणार?”

“मलम लावलं आणि चेहरा लाल झाला.”

“ते कोपरांवरच्या इसबासाठी होतं, आई. यात स्टेरॉइड आहे, खाज थांबली की बंद करा, चेहऱ्याला लावू नका, असं डॉक्टरांनी तुलाच बजावलं होतं.”

“थोडं लावलं तर काय बिघडतं?”

“थोडं? कोपरं केव्हाच बरी झाली. तू मात्र जुनी चिठ्ठी दाखवून मलम आणत राहिलीस, वर्षभर.”

“तुझ्या भल्यासाठीच ना? कशी उजळली होतीस. मावशीनं तर ओळखलंच नाही तुला.”

“आता गालांवरच्या शिरा दिसतात. उन्हात आग होते. वर्गात मी स्कार्फ गुंडाळून बसते.”

“होईल बरं. आणि हे बघ, कोणी लावलं असं विचारलं तर मैत्रिणींचं ऐकून मीच लावलं म्हण.”

“बरं, म्हणेन. पण पर्समध्ये ही नवी ट्यूब कशाला?”

“असू दे.”

“कशाला, आई?”

“धाकटीला. ती तुझ्यापेक्षा सावळी आहे.”

शिंप्यानं डोळे उघडले. आतून मायलेकींचा नंबर पुकारला. मुलीनं आईच्या पर्समधून ट्यूब काढली, मुठीत धरली आणि आईच्या आधी आत शिरली.