ताडपत्रीखालचं पिंप

पोर्ट लिंकनच्या, कालवं निवडायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिकची एकच जागा निघाली होती. सफाईच्या कामासाठी आलेली मॉरीन बाकावर बसली होती, आणि शेजारी दोन पिकल्या केसांचे कारखानदार तावातावाने बोलत होते.

"लेन, कालवं निवडायचं माझं फिरतं पिंप एक शिंपला फोडायचं नाही."

"आणि माझा कॅमेरा एका नजरेत माप सांगायचा, आन्ते. दोन्ही जोडली असती तर..."

"जोडायलाच आलो होतो ना तुझ्या शेडवर!"

"पिंपावर ताडपत्री टाकून आलास! दोरीला सात गाठी मारून!"

"आणि तुझ्या कॅमेऱ्यावर गोणपाट! वर म्हणालास, कुणाला सांगणार नाही म्हणून आधी सही कर."

"मग केलीस का?"

"तू केलीस माझ्या कागदावर?"

"वकील म्हणाला, आधी त्याला करू दे."

"मलाही तेच म्हणाला. मेल्या, वकील एकच होता आपला!"

"दिवसभर चहा ढोसलास नि पिंप तसंच परत घेऊन गेलास."

"सहा वर्षं झाली. आता हे लोक परदेशातून अख्खं यंत्र आणून विकतात. पिंप आतच, कॅमेराही आतच."

"माझी शेड गेल्या महिन्यात बंद झाली."

"माझी मार्चमध्येच."

मग आतून एक बाई आली आणि दोघांना नोकरीचे अर्ज देऊन गेली. दोघे खाली मान घालून लिहू लागले.

"लेन, अनुभवाच्या रकान्यात काय लिहितोयस रे?"

मॉरीनने पाहिलं, लेनने डावा तळहात अर्जावर आडवा धरला होता.