पदरावरून तपासलेली गाठ

आजच्या सभेचे अध्यक्ष सरपंच गोटीरामआबा, व्यासपीठावरचे आमचे वैद्यकीय अधिकारी शेखरसाहेब, माझ्यासोबत उन्हातान्हात पायपीट केलेल्या भगिनी, आणि कांद्याच्या खळ्यांवरचा आजचा रोज बुडवून आलेल्या माझ्या मायबहिणींनो, सर्वांना लता सिस्टरचा नमस्कार.

तेहतीस वर्षं नोकरी झाली. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. साहेब म्हणाले, लताबाईंच्या हातून कधी चूक झाली नाही. साहेब, तुम्हाला इथे येऊन चार वर्षं झाली. तुम्हाला कुठून माहीत असणार?

मघाशी कुसाबाईची सायली बोलली. बोलताना रडली. म्हणाली, "माझ्या आईने लाजेपायी गाठ लपवली. सिस्टरना वेळेवर दाखवली असती तर आज ती असती." तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? पंधरा वर्षं प्रत्येक शिबिरात मीच सांगत आले ना, "बायांनो, लाजू नका, कुसाबाईसारखं करू नका!"

ते खोटं आहे.

त्र्याण्णव साली, लसीकरणाच्या दिवशी कुसाबाई उपकेंद्रात आली. कडेवर अंगावर पिणारा मयूर होता, आणि सात वर्षांची ही सायली दारात उभी होती. मला म्हणाली, "नर्सबाई, छातीला गाठ हाय. दुखत नाय, पर जात बी नाय." बाहेर चाळीस बायांची रांग, आत एकच खोली, दाराला पडदा नाही. मी तिला पदर काढायला सांगितलं नाही. पदरावरूनच हात फिरवला अन् म्हटलं, "दुधाची गाठ आहे गं. शेक दे, त्या बाजूला जास्त पाज." आमची पद्धतच तशी होती. बाईची अब्रू सांभाळली म्हणून मलाच बरं वाटायचं.

महिन्याने ती पुन्हा आली. खळ्यावर कांदा निवडणारी बाई ती, दाबून आतला सडका ओळखायची. तिच्या हाताला कळलं होतं. म्हणाली, "बाई, ही काय दुधाची नाय." मी चिडले. "तू नर्स का मी नर्स? शेक नीट देत नसशील." ती निघून गेली.

तिसऱ्यांदा ती आली नाही, मीच तिच्या घरी गेले. सहा महिने उलटले होते. कातडी आत ओढलेली, काखेत दुसरी गाठ. तिला घेऊन नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर ओरडले, "इतके दिवस काय करत होतीस?" मी खाली बघत होते. कुसाबाई म्हणाली, "लाज वाटली, सायब."

बसस्टँडवर मी विचारलं, असं का सांगितलंस गं? तर म्हणाली, "तुमची नोकरी गेल्यावर आमच्या पोरांना सुया कोण टोचल?" पुढच्या संक्रांतीच्या आत ती गेली. आणि मी तिचं ते खोटं उचललं, शिबिरा-शिबिरात वापरलं. माझी नोकरी टिकली, तिचं नाव खराब झालं. निर्लज्ज कोण होतं, सांगा बरं?

बायांनो, नीट ऐका. दुखत नाही म्हणून गाठ साधीच असते असं नाही. अंगावर पाजते म्हणून ती दुधाचीच असते असंही नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते तपासल्यावर कळतं. दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, कातडी ओढली, बोंडातून रक्त आलं, तर डॉक्टर गाठा. नर्स नुसतं पदरावरून बघत असेल तर तिला सांगा, दार लाव आणि नीट बघ. ती चिडली तर चिडू दे! तिथून हलू नका.

आबा, तुम्ही घड्याळ बघताय, आवरते. तुम्ही एवढा मान दिलात, सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पण सायली, तुला मी ते म्हणणार नाही. हे पोटात घालण्यासारखं नाही. क्षमा मागते, द्यायची की नाही ते तू ठरव. फक्त यापुढे कुणी तुझ्या आईबद्दल विचारलं, तर एवढं सांग, की ती आली होती. दोनदा आली होती.

आभारी आहे.