कास्परची खडी आणि माझं डांबर

…आणि वर हे सायकलवाले म्हणायचे काय, "गेभार्ट, रस्ता झकास ठेवलायस रे!" अरे झकास आहे ना, मग थांबा की दोन मिनिटं! पण नाही. सुर्र करून खाली. तुम्हाला सांगतो, गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी एकशे चौदा सायकली गेल्या माझ्या दारावरून, मी काही मोजल्या नाहीत, आपल्या सहज लक्षात राहिल्या, आणि त्या एकशे चौदातला एकही माईचा लाल ब्रेकला हात लावेल तर शपथ. हात हलवायचे, "ग्रीस दी" म्हणायचे, म्हणजे आमच्याकडचा नमस्कार, त्यातलं "ग्रीस" माझ्या दारात ऐकू यायचं आणि "दी" पार खालच्या वळणावर. आणि मागं काय राहायचं? तळलेल्या कांद्याचा वास. कुणाच्या कांद्याचा? कास्परच्या! वरून पोटभर खाऊन यायचे ना. असो. मला त्याचं काही वाटत नाही.

नाही, कास्पर माणूस वाईट नाही, शाळेत एका बाकावर होतो आम्ही, माझं बघून गणितं उतरवायचा आणि मार्क माझ्यापेक्षा जास्त घ्यायचा, तर ते जाऊ द्या. ओढ्याच्या या अंगाला माझं कुरण, त्या अंगाला त्याचं. गावातल्या चर्चपासून दोन रस्ते फुटतात, एक माझ्या जंगलातून चढतो, एक त्याच्या, आणि वर खिंडीत दोघांची गाठ पडते. उन्हाळ्यात गाई वर नेल्या की दोघंही गोठ्यापुढं चार-चार टेबलं टाकतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला ताक, चीज, आणि गरम क्नॉप्फ्ले, म्हणजे चीजमध्ये घोळलेले पिठाचे छोटे गोळे, वर तळलेला कांदा. इथपर्यंत सगळं सारखं. फरक रस्त्यात! मी आमच्या रस्ता मंडळाचा अध्यक्ष, एकवीस वर्षं. वसंतात श्रमदानाचा दिवस असतो, मी पहाटे पाचला फावडं घेऊन हजर, आडवे चर साफ कर, दगड उचल, कडेचं गवत काप. आणि कास्पर? अकराला यायचा. फावडं खांद्यावर. आणि पहिला प्रश्न काय? "जेवायला किती वाजता बसायचं?" त्याच्या रस्त्यावर गुडघाभर खड्डे, मुळं वर आलेली, मधोमध गवत, आणि सगळीकडे खडी, नुसती सुटी खडी. मी म्हणायचो, "कास्पर, अरे ती खडी दाब." तो म्हणायचा, "पावसानं दबेल की."

तर दोन वर्षांमागची गोष्ट, रविवारची प्रार्थना झाली, आम्ही सगळे खानावळीत, तिथं पर्यटन कचेरीतली योहान्ना उठली. आमच्या बेकरीवाल्याची मुलगी हो ती, एवढीशी होती तेव्हापासून बघतोय. म्हणाली, "सायकलींचा नवा मार्ग आखतोय, जंगलातून चढून खिंडीपर्यंत. नकाशावर छापू, पिवळे बाण लावू. कुणाच्या बाजूनं चढवायचा ते जूनमध्ये स्वतः चालवून ठरवणार." मी टेबलाखालून बुर्गीच्या, म्हणजे बायकोच्या, पायाला पाय मारला. कारण तुम्हाला सांगतो, दोन उन्हाळे आमच्या टेबलांवर माश्यांशिवाय कुणी बसलं नव्हतं, आणि बुर्गीनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "आता माणसं आली नाहीत तर टेबलं खाली. वर नुसत्या गाई." चौतीस वर्षं मांडलेली टेबलं! माझ्या बापानं केलेली!

आणि योहान्ना जाता जाता एक वाक्य बोलली. "खास खडीवर चालवायच्या सायकली असतात या, गेभार्ट." मी घरी येऊन रात्रभर त्याच वाक्याचा विचार केला. म्हटलं, बिचारे! काय वेळ आलीय लोकांवर! सगळीकडे असले कास्पर बसलेत, रस्ते धड नाहीत, म्हणून शेवटी खडीवर चालेल अशी सायकल काढावी लागली माणसांना! आणि त्यांना जर माझ्या जंगलात, एवढ्या चढावर, अचानक गुळगुळीत डांबर लागलं तर? रडतील हो आनंदानं!

घातलं डांबर. हिवाळ्यात तोडलेलं लाकूड सगळं विकलं आणि चर्चपासून खिंडीपर्यंत काळाकुळकुळीत रस्ता केला. फादर स्वतः आले आशीर्वाद द्यायला, पवित्र पाणी शिंपडलं, डांबर अजून गरम होतं, फुस्स झालं. बुर्गी म्हणाली, "लक्षण बरं दिसत नाही." बायका म्हणजे!

जूनमध्ये आली योहान्ना, बरोबर खालच्या शहरातला एक लांबटांग्या सायकलवाला. माझा रस्ता चढून आले. लांबटांग्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मला विचारलं, "खडी कुठाय?" मी छाती फुगवून म्हटलं, "एक खडा दाखव, माझी गाय तुझी." आणि त्याचं तोंड हे एवढंसं झालं. मला कळेना, मी कुणाच्या मयताला आलोय का?

मग गेले कास्परच्या बाजूला. आणि ओढ्यापलीकडून मला ऐकू येतंय काय… "वा, मुळं!" थोड्या वेळानं, "वा, काय खड्डा आहे!" मग धप्प. लांबटांग्या पडला. मी मनात म्हटलं, संपलं, आता कास्परचा रस्ता बाद. तर तो पडल्या पडल्या हसतोय हो! लहान पोरासारखा! कास्पर झोपला होता. त्याला उठवून दोघांनी त्याचा हात हातात घेतला आणि काय म्हणाले माहितीये? "कास्पर, काय राखलायस रस्ता!" राखलायस! मी एकवीस वर्षं कंबर मोडून घेतोय, आणि राखला कुणी? कास्परनं! आणि तो डोळे चोळत म्हणतोय कसा, "काही नाही, निसर्गावर सोडलं की होतं आपोआप." मला त्याचं काही वाटत नाही.

आणि माझा रस्ता? घेतला ना, तोही घेतला नकाशात. उतरायला! चढ कास्परकडून, जेवण कास्परकडं, आणि मग माझ्या डांबरावरून थेट गावात. माझ्याच रस्त्यावर मी जागच्या जागी उभं राहून त्यांचा नुसता वारा खायचा! बुर्गी दारात येऊन म्हणायची, "मधे एक गाय उभी कर, थांबतील." एकदा केलीही. वळसा घालून गेले, आणि गाईला "ग्रीस दी" म्हणाले.

तर ऑगस्टातल्या एका दुपारी ब्रेकचा आवाज आला. खरोखरीचा ब्रेक, माझ्या दारात! मी धावत आत, एप्रन चढवला, बुर्गीनं चूल पेटवली, बाहेर येतो तर कोण? कास्पर! त्याच्या आईच्या जुन्या सायकलवर. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. बाकावर धपकन बसला आणि म्हणाला, "गेभार्ट, मला तुझा हेवा वाटतो."

म्हटलं, "काय?"

"अरे सकाळी सातला दारात येऊन उभे राहतात. क्नॉप्फ्ले द्या, ताक द्या, ट्यूब फुटली, पंप द्या. जूनपासून दुपारची झोप नाही रे मला. माझ्या गाई माझ्याकडे मी पाहुणा असल्यासारखं बघतात. आणि तुझ्याकडे बघ, कसं शांत. येतात काय, जातात काय. सगळी त्या डांबराची करणी. मलाही घालायचंय."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा कास्परला माझ्याजवळचं काहीतरी हवं होतं. आणि मला ठाऊक होतं की, डांबर पडलं की त्याचे बाण जाणार. सांगायला हवं होतं? हवं होतं. अध्यक्ष म्हणून तर नक्कीच हवं होतं. मी काय म्हटलं? "कास्पर, मंडळ तुझ्या पाठीशी आहे." सप्टेंबरात हात वर करून मतदान झालं, माझा हात सगळ्यांत आधी वर, बुर्गीनं ओढून खाली घेतला, तर मी दुसरा केला.

यंदाच्या वसंतात झालं काम. श्रमदानाला कास्पर पहाटे पाचला आला, फावडं हातात! फादर आले, पाणी शिंपडलं, फुस्स. आणि जूनमध्ये योहान्ना खिंडीत उभी. या बाजूला बघते तर काळं, त्या बाजूला बघते तर काळं. दोन्हीकडचे पिवळे बाण उपटले आणि अख्खा मार्ग नेला पलीकडच्या डोंगराच्या धारेवर, ओटिलीकडं. म्हातारी ओटिली, तिच्याकडे रस्ता असा नाहीच, शेळ्यांनी पाडलेली वाट आहे ती!

माझं काय झालं म्हणता? तेच, बुर्गीनं टेबलांचं बजावलं होतं ते. मी एवढाच विचार केला होता की कास्परची रिकामी झाली पाहिजेत. ती झाली. माझी भरतील कशी, हा पुढचा हिशेब मी केलाच नव्हता. बुर्गीनं तीन टेबलं गाडीत घातली आणि खाली नेली. एक ठेवलं. माझ्या बापानं पहिलं केलं होतं ते.

कास्पर आठ दिवस झोपला. नवव्या दिवशी आला, बाकावर बसला. समोरच्या धारेवर ओटिलीची धूळ उडत होती, रंगीत सदरे वर चढत होते. तो नाक वर करून म्हणाला, "कांदा जरा करपवतेच ओटिली." मी हूं केलं. मग हळूच म्हणतो, "अर्थात, मला त्याचं काही वाटत नाही, गेभार्ट."

तुम्हाला सांगतो, मला इतकं बरं वाटलं! मी आत गेलो, दोन पेले ताक आणलं, त्याला मोठा पेला दिला. आता रोज दुपारी येतो तो. दोन्हीकडे डांबर, पंधरा मिनिटांत पोचतो. आणि अगदी मनापासून सांगतो, आता मला कास्परचं खरंच काही वाटत नाही. फक्त… बाकाची उन्हाकडची बाजू. एकवीस वर्षं माझी होती. तिथं तो बसतो, बसतो कसला, घोरतो! आणि ओटिलीच्या सायकली मोजायच्या मी एकट्यानं. काल दोनशे सहा झाल्या.