वरच्या मजल्यावरून आलेला केक

परदेशातल्या शेजाऱ्यांचं विचारता ना? मग ऐका. जर्मनीत माझ्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. मी लसणाची फोडणी दिली की पाच मिनिटांत दारात हजर. "वास वर येतो, खिडकी लावा." दोन वर्षं आमचं बोलणं एवढंच.

एक दिवस सकाळीच हदगावहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, माय गेली." मला तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळत होतं. तो म्हणाला, "तू येईस्तोवर ठेवता येणार न्हाई रे."

आपल्याकडं अशा दिवशी घरात चूल पेटत न्हाई. शेजारचे पिठलं-भाकरी आणतात, समोर बसून दोन घास बळंच खायला लावतात. मीही गॅस पेटवला न्हाई. पण तिथं आणणार कोण? दिवसभर उपाशी बसून राहिलो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तीच म्हातारी, हातात झाकलेली ताटली. हिला कसं कळलं म्हणून मला एकदम भरून आलं.

ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "आज अजिबात वास आला नाही. लई बरं वाटलं, म्हणून केक आणला. रोज असंच ठेवा."

मी "थँक्यू" म्हणलो आन् दार लावलं.

सुतकात गोड खात नसतात, ठाऊक होतं. पण अशा दिवशी शेजारघरून आलेलं ताट परत पाठवायचं नसतं, हे मायनंच शिकवलेलं. सगळा खाल्ला.