न दाबलेलं बटण

लेक: झालं, बाबा. हेडफोन काढा आणि या बाहेर.

बाबा: इतक्यात? मागच्या वेळी बराच वेळ चाललं होतं.

लेक: मागच्या वेळी तुम्ही बटण दाबत नव्हतात, म्हणून मी आवाज वाढवत बसले होते. या, इथे बसा. ती नको, ती पेशंटची खुर्ची. स्टूल घ्या, माझ्याजवळ.

बाबा: म्हणजे मी आज पेशंट नाही?

लेक: तेच ठरवायचंय.

बाबा: बरं, काय म्हणतात माझे कान?

लेक: कान म्हणतात, आम्ही ठणठणीत आहोत.

बाबा: असं कसं? दोन वेळा तूच सांगितलंस, दोन्ही कान कामातून गेलेत म्हणून. ते कानात घालायचं यंत्रही दिलंस.

लेक: जे तुम्ही चष्म्याच्या डबीत ठेवून दिलंय.

बाबा: टोचतं गं ते.

लेक: बाबा, आधीच्या दोन्ही वेळी मी आवाज सोडत होते आणि ऐकू आला की तुम्ही बटण दाबायचं होतं. तुम्ही दाबलं नाहीत, मी लिहिलं, ऐकू येत नाही. आज केबिनमध्ये पाठवायच्या आधी मी तुमच्या कानात एक मऊ रबरी बूच घातलं होतं. म्हटलं होतं, काही करू नका, नुसतं गप्प बसा.

बाबा: हो. टिकटिक टिकटिक करत होतं.

लेक: म्हणजे ती टिकटिक ऐकू आली.

बाबा: अं?

लेक: अं नाही. ते मशीन माणसाला काही विचारत नाही, थेट कानालाच विचारतं. कान चांगला असेल तर तो आतून आपला आपण उत्तर देतो. तुमचे दोन्ही देतात. बहात्तराव्या वर्षी असे कान माझ्याकडे वर्षाकाठी दोनच येतात. आणि नंतर केबिनमध्ये बसवलं, तर चाळीस आवाजांना तुम्ही सहा वेळा बटण दाबलंत.

बाबा: सहाच? मला वाटलं, आठ-दहा वेळा तरी दाबलं असेल.

लेक: बाबा.

बाबा: खरं वाटावं म्हणून मध्येमध्ये दाबत होतो.

लेक: चार महिन्यांत तीन वेळा आलात. पहिल्या तपासणीचा कागद मी घरी नेला होता. त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही मला. डोळ्यांसमोर एकच. आई पलंगावरून उतरायला गेली, पडली, तुम्हाला हाका मारते आहे, आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाठमोरे, भाजी चिरताय. शेवटी दादाला कळवलं.

बाबा: त्याला कशाला उगाच घोर लावलास?

लेक: तुमचा मुलगा आहे तो. आम्ही दोघांनी मिळून एक ठरवलंय. तो शनिवारी येतोय, तेव्हा तुम्हाला सांगणार होतो. आईसाठी जागा बघितली आहे. पुलापलीकडे. स्वच्छ आहे, नर्सबाई चोवीस तास असतात. त्यांच्या फॉर्मवर मी माझ्या हाताने लिहिलंय, सांभाळणाऱ्याला ऐकू येत नाही. खाली माझी सही, माझा शिक्का.

बाबा: शनिवार म्हणजे परवा.

लेक: हो.

बाबा: परवा नेणार तिला?

लेक: पुढच्या आठवड्यात. परवा नुसत्या सह्या.

बाबा: आणि मला कुणी विचारलं नाही.

लेक: विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?

बाबा: नाही.

लेक: म्हणून नाही विचारलं. चूक केली आम्ही, कबूल. पण आता तुम्ही बोला. ऐकू येत असताना बटण का नाही दाबलं? तुमच्या त्या अंगठ्यापायी आईचं घर सुटत होतं.

बाबा: पाणी दे जरा.

लेक: घ्या. सावकाश. शेजारच्या काकू एकपर्यंत आहेत आईजवळ, घाई नाही.

बाबा: हसू नकोस मात्र. पहिल्या वेळी मी खरंच दाखवायला आलो होतो. तुझी आई गाढ झोपलेली असायची आणि मला तिची हाक ऐकू यायची. म्हटलं, कानात बिघाड झाला. तू मला आत बसवलंस, ते जाडजूड दार लावलंस, आणि काय सांगू तुला, इतकं शांत मी जन्मात कुठे बसलो नव्हतो. फ्रिजची घरघर नाही, रस्ता नाही, काही नाही. मग तुझा पहिला आवाज आला, बारीकसा. दाबलं. दुसरा आला. दाबलं. तिसरा आला आणि अंगठा हलेना.

लेक: का पण?

बाबा: अडतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली मी. फोन दुसऱ्यांदा वाजायच्या आत पायांत चपला, किल्ली हातात. ताटावरून उठलोय, तुझ्या बारशातून उठलोय. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो बुवा. वर्ष गेलं नाही तोच तुझ्या आईचं हे विसरणं सुरू झालं. फोन थांबला आणि हाक सुरू झाली. आवाज आला की उठायचं, हे हाडांत मुरलंय माझ्या. आणि तुझ्या त्या खोलीत आवाज आला, तर लक्षात आलं, नाही उठलं तरी चालतंय. कुणी पडणार नाही, कुणी दगावणार नाही. म्हणून नाही दाबलं. तो आला तसा गेला. मी आपला बसून राहिलो.

लेक: मी बाहेर घामाघूम, आवाज वाढवतेय. आणि तुम्ही आत करत काय होतात?

बाबा: देवापुढे बसलो होतो.

लेक: माझ्या केबिनमध्ये?

बाबा: त्याला कुठे वेगळी केबिन लागते. आठवतं तुला, मी पहाटे ड्यूटीवरून आलो की स्वयंपाकघरातल्या खुर्चीत अर्धा तास बसायचो?

लेक: आठवतं ना. दादा म्हणायचा, बाबा बसल्या बसल्या घोरतात.

बाबा: एखाद्या वेळी घोरतही असेन. पण तेवढ्यावर दिवस निघायचा गं. गाडीत जे बघायचो ते तिथे ठेवून उठायचो. आता घरी बसतो, नाही असं नाही. पण एक कान देवाकडे आणि दुसरा तुझ्या आईच्या खोलीकडे. देवाच्या वाट्याला अर्धा माणूस. म्हणून मग जिन्यात उभा राहून बघितलं, दूध आणायला जातो तेव्हा. चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे गाठतात, म्हणतात, काय हो, किल्ली विसरलात का?

लेक: एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला आईपासून सुटका हवी आहे का? असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सहा वर्षं झाली. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर कधीच हात टेकले असते.

बाबा: सुटका हवी असती तर एकच्या आत घर गाठायला मी असा धापा टाकत धावलो असतो? तुला ती हाक का मारते ते ठाऊक नाही. 'अहो' म्हणते. मी जातो. पाणी हवंय? नको. उशी सरळ करू? नको. म्हणते, काही नको, आहात ना? म्हणतो, आहे. संपलं. दहा मिनिटांनी परत 'अहो'. मी चिडायचो, बाळ. तुला सांगायला लाज वाटते, एकदा तर ओरडलो तिच्यावर. नुसतं आहात ना विचारायला माणसाला उठवतात का?

लेक: पेशंटांवर मीही ओरडते रोज. चालतं.

बाबा: ऐक तर. पहिल्यांदा त्या खोलीत बसलो ना, तेव्हा देवापुढे मोठी यादी मांडणार होतो. तिची औषधं, दादाची नोकरी, तुझं एकटीचं. एकही आठवलं नाही. तोंडातून एवढंच आलं, आहेस ना?

लेक: मग?

बाबा: मग काय, बसलो. बरं वाटलं. त्या दिवशी घरी गेलो, तुझ्या आईने चाळीस हाका मारल्या असतील, एकदाही राग आला नाही. म्हटलं, बाई गं, मी तरी दुसरं काय करून आलो. महिना, सव्वा महिना पुरलं ते. मग परत चिडचिड सुरू झाली. म्हटलं, चला, कान दाखवून येऊ.

लेक: हसू नकोस म्हणालात आणि असं बोलता.

बाबा: हस आता. हसताना बरी दिसतेस.

लेक: देवासाठी चक्क खोटं बोललात माझ्याशी.

बाबा: बोललो कुठे, नुसतं बटण नाही दाबलं.

लेक: या खोलीत त्यालाच खोटं म्हणतात.

बाबा: चुकलं. हे बघ, कान पकडतो.

लेक: हळू पकडा, आत्ताच तपासलेत. मला सरळ सांगायचं होतं ना, बाबा.

बाबा: काय सांगू? लेकीला म्हणू, तू आईजवळ बस, मला देवाजवळ बसायचंय? तुझी धावपळ मला दिसत नाही का? उभ्याने डबा खातेस. आत्तासुद्धा बाहेर बाकावर पाच माणसं खोळंबलीत.

लेक: बसू देत. त्यातल्या तिघांना मी म्हटलेलं ऐकू येत नाही. ही केबिन आठ वर्षं माझी आहे, बाबा. मी आत जाते ती फक्त बल्ब बदलायला आणि खुर्ची पुसायला. बाहेर आले की दार जोरात लावते. आत बसता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी.

बाबा: येईल. चाळिशीनंतर येतं.

लेक: चाळीस उलटून तीन वर्षं झाली.

बाबा: माझं गणित कच्चं आहे.

लेक: दादाला आत्ता फोन करते. फॉर्म फाडून टाक म्हणते.

बाबा: काय सांगशील त्याला? माझं नाव सांग. तुझ्यावर घेऊ नकोस.

लेक: तुमचं नाव सांगणारच, तुम्हाला काय सोडते की काय. पण माझंही चुकलं. तुम्ही पाठमोरे असताना मी पुटपुटले तरी उत्तर द्यायचात, आणि मी तपासणीच्या कागदावर उमटलेल्या रेघेवर विश्वास ठेवला. मात्र एक ऐका. आईचं दुखणं वाढत जाणार आहे. कधीतरी त्या जागेचा विचार करावा लागेल.

बाबा: माहीत आहे मला. रात्री-बेरात्री तोच विचार येतो.

लेक: तेव्हा तो खऱ्या कागदांवर करू. तिघांनी बसून, तुम्हाला विचारून. खोट्या रेघेवर नाही.

बाबा: करू. बरं वाटलं, विचारणार म्हणालीस ते.

लेक: आणि उद्यापासून एक करायचं. दुपारी एक ते दोन दवाखाना बंद असतो. मी घरी जाईन, आईला भरवेन, तिच्याबरोबर बसून जेवेन. तुम्ही इथे यायचं. किल्ली देऊन ठेवते. आवाज नाही, बटण नाही. आत जाऊन बसा.

बाबा: नाही जमायचं गं. मी डोळ्यांआड झालो की ती हाकांचा सपाटा लावते. रडते. काकूंना विचार, त्या बिचाऱ्या टेकीला येतात. तू एक दिवस करशील, दोन दिवस करशील.

लेक: बघू तर.

बाबा: आणि मी इथे बसून काय करणार? ती तिकडे रडतेय हेच मनात.

लेक: ते देवाला सांगा. नुसतं 'आहेस ना' म्हणून काम भागत नसेल तर सांगा त्याला, तिकडे बघ म्हणून.

बाबा: बोलायला कुठे शिकलीस अशी?

लेक: घरीच. उठा आता, एक वाजत आला. आणि पुढच्या पेशंटला आत पाठवा, पण हाताने खूण करून. हाक मारू नका, त्यांना खरंच ऐकू येत नाही.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, सव्वा वाजता. घरी आईच्या खोलीत लेक तिला भरवते आहे.)

आई: अहो.

लेक: हा एवढा घास घे, आई.

आई: अहो.

लेक: मी आहे ना इथे.

आई: तुम्ही कोण?

लेक: तुझी मुलगी.

आई: माझी मुलगी एवढीशी आहे. शाळेत जाते.

लेक: बरं. मग मी तिच्या ओळखीची.

आई: केस विंचरत नाही ती. जरा सांगा तिला.

लेक: सांगते. घास घ्या.

आई: अहो. अहो.

लेक: बाबा बाहेर गेलेत, आई. येतील दोन वाजता.

आई: गाडीवर गेले? फोन आला होता?

लेक: नाही, फोन नाही आला.

आई: मग कुठे गेले? मला न सांगता कसे गेले? अहो!

लेक: आई, रडू नको. इकडे बघ. हात दे माझ्या हातात. ते ठीक आहेत, जवळच आहेत. ते देवापुढे बसलेत.

आई: बसलेत?

लेक: हो.

आई: कधीचे?

लेक: पंधरा मिनिटं झाली असतील.

आई: मग आधी सांगायचं नाही का? तो चमचा वाजवू नका. दार लोटून घ्या.

लेक: लोटलं.

आई: मुलं उठली की त्यांना परसात पाठवा, दात घासायला. आतून जाऊ देऊ नका. मोठा फार दणदण चालतो.

लेक: म्हणून पिटाळायचीस तू आम्हाला मागच्या दाराने? थंडीत कुडकुडत उभे असायचो आम्ही. मला वाटायचं, तुला आमची कटकट होते.

आई: हळू बोला. रात्रभर गाडीवर असतात हो ते. काय काय बघून येतात. सांगत नाहीत मला, पण कपडे मी धुते. तेवढाच अर्धा तास मिळतो त्यांना.

लेक: हो.

आई: तुम्ही का रडताय?

लेक: काही नाही. तिखट लागलं. बोलावू का त्यांना, आई? हवेत का तुला?

आई: नको. उठतील ते आपणहून.